ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्स झाला, बोर्डाला ७८ टक्के, एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, ९२ पर्सेंटाइल. अकरावी-बारावी इंटिग्रेटेडला केली. आता इंजिनीअरिंगचे कॅप राउंड, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, तोंडावर आलेत आणि ताईंनी एक्सेलमध्ये ६४ ऑप्शन्सची यादी तयार ठेवलीय, हिरवा पिवळा लाल असे रंग देऊन. पहिल्या नंबरावर पुण्याचं एक कॉलेज, नाव आहे म्हणून. मिस्टरांचं म्हणणं नवी मुंबईतलं घ्या, घरून जाऊन-येऊन करेल. मुलाचं म्हणणं, "तुम्ही ठरवा." हा मुलगा हाका मारल्याशिवाय उठत नाही, जेवलेलं ताट उचलत नाही, तो हॉस्टेलला कसा राहणार ही ताईंची काळजी. नणंदबाईंनी सुचवलंय की एक वर्ष ड्रॉप घेऊ दे, तेवढाच मॅच्युअर होईल. आणि मागच्या रविवारी सोसायटीत गुणवंतांचा सत्कार होता, तिथे निवेदन करणाऱ्या काकांनी माइक पुढे धरून विचारलं, "मग, आता पुढे काय?" तर हा ताईंकडे बघत राहिला. शेवटी ताईंनीच खालून ओरडून सांगितलं, "कॉम्प्युटर!" सगळे हसले. ताई लिहितात, "घरी येऊन मला रडू आलं मॅडम. दोन वर्षं मी याच्यासाठी काय नाही केलं. मी कुठे चुकले?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या माइकपाशीच अडकले. पुणे की नवी मुंबई ते आपण बघूच, ते खरं तर तितकंसं अवघड नाहीये, पण आधी त्या माइकचं बोलू.

रिझल्ट लागले की आपल्याकडे हे सत्कार सुरू होतात. नाक्यानाक्यावर बॅनर, त्यात गुणवंतांचे फोटो पासपोर्ट साइजचे आणि अभिनंदन करणारे साहेब पुरुषभर. मग कुठल्यातरी हॉलमध्ये बुके, पेन, आडनाव चुकलेलं सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि बाहेर बटाटावडा. मला दरवर्षी दोनतीन ठिकाणी 'मार्गदर्शनपर दोन शब्द' बोलायला बोलावतात, तेव्हा स्टेजवरून मला मुलांचे चेहरे दिसतात, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच की हे कधी संपणार. 'पुढे काय' हे त्या दिवशी त्यांना वीस जणांनी विचारलेलं असतं आणि विचारणाऱ्याला कॉलेजचं नाव सोडून दुसरं काही ऐकायचं नसतं. तुमचा मुलगा गप्प राहिला यात मला तरी वावगं काही दिसलं नाही. नाव त्याच्याकडे नव्हतंच, तुमच्याकडे होतं, एक्सेलमध्ये. त्याने बरोबर माणसाकडे बघितलं.

हे टोचलं असेल तर थांबा, माझंही सांगते.

आधी माझ्या काउन्सेलिंगच्या ऑफिसातला एक किस्सा. गेल्या जुलैत एक आई आणि मुलगी आल्या होत्या, बाबा खाली गाडी लावायला जागा शोधत होते, आणि राम मारुती रोडला संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. मी लॅपटॉप मुलीपुढे सरकवला, म्हटलं लॉगिन कर. तिने आईकडे बघितलं. आईने पर्समधून डायरी काढली, मागच्या पानावर ॲप्लिकेशन नंबर, पासवर्ड, सगळं सुवाच्य अक्षरात. पासवर्ड टाकला तर चुकीचा. रिसेट केला तर ओटीपी गेला बाबांच्या फोनवर. आम्ही तिघी पंचवीस मिनिटं बाबांची वाट बघत बसलो, मुलगी नखं खात, आई बाबांना फोन लावत, आणि बाबा काही उचलेनात कारण मागून हॉर्न वाजत होते. त्या मुलीला ९६ पर्सेंटाइल होते बरं का. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला पहिल्यांदा मार्क विचारत नाही, विचारते की तुझा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो.

आता माझं. माझ्या मुलाच्या वेळी ओटीपी माझ्याच फोनवर यायचा. लोकांच्या मुलांना मी शहाणपणा शिकवायचे आणि घरी फॉर्म मी भरायचे, कारण "तो चुकवेल". तो गेला हॉस्टेलला, आणि सप्टेंबरात एका रात्री अकरा वाजता फोन, "आई, ताप आलाय, क्रोसिन जेवणाआधी घेतात की नंतर?" म्हटलं जेवलास का. तर म्हणे नाही, मेस साडेनऊला बंद होते, मी झोपलो होतो. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या रिॲक्शन्स झोपेत म्हणून दाखवणारं पोर हे. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते त्याच्या तापामुळे नव्हतं.

तर तुम्ही कुठे चुकलात, याला माझं उत्तर असं की तुम्ही ॲडमिशनची तयारी केलीत, फार छान केलीत, आणि कॉलेजला जायची तयारी राहून गेली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला कोणी सांगतच नाही. बारावीची दोन वर्षं घरातला प्रत्येक जण त्या एका आकड्यासाठी राबतो आणि आकडा आला की दमून खाली बसतो.

शिवाय इंटिग्रेटेड. म्हणजे कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतं बघायचं आणि बाकी सगळा वेळ क्लास. सकाळी क्लासची बस, दुपारी लेक्चर, संध्याकाळी डाउट सॉल्व्हिंग, रविवारी टेस्ट, टेस्टचा रिझल्ट पालकांच्या ग्रुपवर. कधी उठायचं, कुठला चॅप्टर आधी, किती प्रश्न, सगळं क्लासने ठरवलं आणि उरलेलं, म्हणजे काय खायचं आणि कधी झोपायचं, ते तुम्ही. आणि ताटाचं म्हणाल तर आठवून बघा, "राहू दे ते ताट, तू जा अभ्यासाला" हे वाक्य त्या घरात कोणाच्या तोंडचं आहे. त्याने ते मनापासून पाळलं. मी त्याला आळशी म्हणायला तयार नाही, निदान अजून तरी नाही. ज्या मुलाने दोन वर्षांत एकही गोष्ट स्वतः ठरवलेली नाही त्याला जूनमध्ये एकदम चार वर्षांचं ठरव म्हटलं तर तो "तुम्ही ठरवा" म्हणेल नाहीतर काय करेल.

पण "तुम्ही ठरवा" चा अर्थ प्रत्येक घरात सारखा नसतो, तो आधी शोधा. कधी मूल घाबरलेलं असतं, की मी निवडलं आणि फसलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल, त्यापेक्षा तुम्ही निवडा, फसलं तर तुमच्या नावावर. कधी त्याच्या मनात भलतंच काहीतरी असतं आणि त्याला पक्कं ठाऊक असतं की या घरात ते ऐकून घेतलं जाणार नाही. कोपरखैरण्याचा एक मुलगा तीन महिने 'तुम्ही ठरवा' म्हणत होता, त्याला स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी करायचं होतं आणि ते त्याने मला सांगितलं लिफ्टमध्ये, आईबाबा जिन्याने येत असताना. आणि कधी मूल नुसतं थकलेलं असतं. दोन वर्षं बारा-बारा तास घासल्यावर कोणाच्याही डोक्यात पुढचे काही दिवस काही येत नाही, त्याला झोपू द्या.

हे डायनिंग टेबलावर समोरासमोर बसवून विचारू नका, तिथे फक्त "हं" येतो. उपवन तलावाला एक चक्कर मारा दोघंच, किंवा गाडीत शेजारी बसलेला असताना, समोर रस्ता असला की ही मुलं बोलतात. कुठली ब्रँच हवी हे विचारू नका. गेल्या दोन वर्षांत कुठल्या तासाला घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही ते विचारा, कशाचा कंटाळा आला ते विचारा. आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, पत्रावरूनच कळतंय, पण बसा. एक मात्र बघा, झोप उडालीय, जेवण सुटलंय, मित्रांचे फोन घेत नाही, सगळंच नकोसं झालंय असं दोनतीन आठवडे चाललं असेल तर तो करिअरचा प्रश्न नाही, डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता यादीचं. तुमची एक्सेल बंद करा. डिलीट नका करू, मी इतकी क्रूर नाही, फक्त बंद करा. त्याला सांगा दहा ऑप्शन स्वतः काढ आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिही की हे का. सीईटी सेलच्या, म्हणजे ही प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर मागच्या वर्षांचे कटऑफ पीडीएफमध्ये आहेत, शोधू दे त्यालाच. वाचताना तो अडकेल, कारण त्यात होम युनिव्हर्सिटी (आपल्याच विद्यापीठाच्या भागातली मुलं) आणि अदर दॅन होम (दुसऱ्या विद्यापीठाच्या भागातली) असे वेगळे आकडे असतात आणि ठाण्याचं पोरगं म्हणजे मुंबई विद्यापीठ, त्यामुळे पुण्याच्या कॉलेजचा बघायचा आकडा वेगळा. अडकू दे. विचारायला आला तर सांगा.

आणि क्रम कसा लागतो ते त्याला नीट कळलं पाहिजे, कारण इथेच दरवर्षी घोटाळे होतात. लोक घाबरून वरती 'मिळण्यासारखं' टाकतात आणि आवडतं खाली. काही गरज नाही. कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली बघत येतो आणि मेरिटमध्ये जे पहिलं बसेल ते देतो, वरती एखादं अवाक्यापलीकडचं टाकल्याने खालच्याचा हक्क जात नाही. पण २०२५-२६ पासून इंजिनीअरिंगला फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाले, पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातलं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातलं. पुढच्या फेरीत बघू हा मार्ग तिथे बंद होतो. म्हणजे पहिल्या नंबरावर जे टाकाल ते मिळालं तर आनंदाने जायची तयारी हवी. तुम्ही तिथे टाकलंय पुणं, आणि पत्रात पुढच्याच ओळीत विचारताय की तो हॉस्टेलला राहील का. मग ते पहिलं कसं काय झालं ताई?

तर पुणे की नवी मुंबई. तुमच्याकडे 'नाव आहे' हे कारण आहे आणि मिस्टरांकडे 'जवळ आहे' हे, आणि दोन्ही जरा तपासून बघू.

जवळ आहे म्हणता, पण घोडबंदर रोडवरून. कासारवडवलीच्या आसपास राहत असाल तर सकाळी मेट्रोच्या खांबांमधून ठाणे स्टेशन गाठेपर्यंतच घामटं निघतं, मग ट्रान्सहार्बर पकडून नेरूळ, मग तिथून रिक्षा. दीड तास एका बाजूने धरा, पावसाळ्यात जास्त. म्हणजे दिवसाचे तीन तास, आठवड्याचे पंधरा. नकाशावर जवळ आहे, दिवसात नाही. म्हणून वाईट आहे असं मी म्हणत नाही, या गाडीतून हजारो मुलं शिकली, ट्रेनमध्ये सबमिशनं लिहिली, दोस्त्या झाल्या. घरचं जेवण आहे, हॉस्टेलचा खर्च वाचतो, आणि काही मुलांना घरापासून हळूहळू सुटं व्हायला हाच मार्ग बरा पडतो. पण मग घरून जाणाऱ्या मुलाला बारावीचाच मुलगा म्हणून वागवायचं नाही. डबा तुम्ही करा हवं तर, पण तो भरायचा आणि आल्यावर घासायचा त्याने.

आणि नाव म्हणजे नक्की काय? कॉलेजच्या साइटवर सगळ्यात मोठं पॅकेज झळकत असतं, ते एका मुलाचं असतं. मधल्या मुलाला काय मिळालं आणि वर्गातल्या किती जणांना मिळालं ते विचारायचं. दर्जाच्या शिक्क्यांपैकी नॅक कॉलेजला मिळतं, एनबीए कोर्सला, त्यामुळे कॉलेजचं नाव मोठं असलं तरी तुम्हाला हव्या त्या ब्रँचचं काय ते वेगळं बघायचं. मागच्या चारपाच वर्षांत काढलेली एआय, डेटा सायन्सची नवी ब्रँच असेल तर तिथे शिकवतं कोण, पूर्णवेळ माणसं किती, हे विचारायला लाजू नका. वर्ष संपल्यावर ब्रँच बदलून मिळते म्हणतात, पण ती रिकाम्या जागांवर आणि मार्कांवर, त्यावर भिस्त ठेवू नका.

कॉलेज बघून आल्याशिवाय यादीत टाकू नका, आणि बघायला तुम्ही जाऊ नका. त्याला एकट्याला पाठवा. पुण्याला जाणारी सकाळची इंद्रायणी एक्सप्रेस ठाण्याला थांबते, तिकीट त्याने काढायचं. वर्किंग डे असू दे, म्हणजे माणसं भेटतील. गेटवर उभं राहून तिथल्याच मुलांना विचार म्हणावं, लॅब चालू असते का, हॉस्टेल कॅम्पसमध्ये आहे की बाहेर, फर्स्ट इयरला मिळतं का, मेस किती वाजता बंद होते (हा प्रश्न माझ्यातर्फे). एका मुलीला मी असंच पाठवलं होतं, ती परत आली ती आम्ही कोणीच विचार न केलेलं कारण घेऊन. म्हणाली, लायब्ररी पाचला बंद होते, मॅडम, मला रात्री अभ्यास होतो, मी कुठे बसू? तिने यादीत ते कॉलेज चौथ्यावर नेलं. आम्ही मोठे सगळे नॅक ग्रेड बघत होतो. तुमचा मुलगा प्लॅटफॉर्म चुकला, चुकीच्या रिक्षात बसला, शंभर रुपये जास्त गेले, तरी ते चारशे रुपयांच्या काउन्सेलिंगपेक्षा स्वस्त पडलं असं समजा. (माझी फी चारशे नाहीये, फोन करू नका.)

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण नवराबायकोत त्यावरून धुसफुस असावी असा माझा अंदाज आहे, आणि हे बाकीच्या वाचकांनाही उपयोगी पडेल. त्याला आकडे दाखवा. फी, हॉस्टेल, मेस, येणं-जाणं, चार वर्षांचं मिळून. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून ट्यूशन फीच्या निम्मी परत मिळते, हॉस्टेलसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे त्याच्या अटी वाचून घ्या, दोन्ही महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. मुली असतील तर २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण सरकार भरतं. पण हे सगळं कॅपमधून घेतलेल्या ॲडमिशनला, मॅनेजमेंट कोट्याला नाही, हे लोकांना फी भरून झाल्यावर कळतं. कर्ज घ्यायचं असेल तर कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का बघा, असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत पण मिळते. आणि हे सगळं बोलताना तो समोर हवा. घरात पैसे किती आहेत हे मुलांपासून लपवायची आपली एक खोड आहे. त्याने मूल घाबरेल असं वाटतं, पण माझा अनुभव उलट आहे, आकडा कळला की मूल एकदम मोठ्या माणसासारखं बोलायला लागतं.

ड्रॉपबद्दल थोडक्यात, कारण नणंदबाईंशी माझं भांडण नाही. ड्रॉप घ्यावा की नाही याला एकच कारण चालतं, मुलाला स्वतःला परत बसायचंय आणि मागच्या वेळी नेमकं काय चुकलं ते त्याला सांगता येतंय. 'मॅच्युअर होईल' हे कारण नाही. तोच क्लास, तीच बस, तीच आई उठवणार, त्यात मॅच्युअर कुठून होणार? एक वर्षाने १९ वर्षांचा होईल इतकंच. सीईटीचा स्कोअर त्याच वर्षापुरता चालतो, म्हणजे ९२ हातचे सोडून परत शून्यापासून. जेईई ॲडव्हान्सचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी लक्षात ठेवा, लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी. तुमच्या पत्रात तो स्वतः ड्रॉपचं एक अक्षर बोललेला नाही, तेव्हा हा विषय त्याने काढला तरच काढा.

मग हॉस्टेलला राहील का? आज राहणार नाही. पण कॉलेज सुरू व्हायला अजून आठवडे आहेत आणि एवढ्यात बरंच शिकता येतं, अट एकच की तुम्ही मधे पडायचं नाही.

उद्यापासून उठवणं बंद. बारा वाजता उठला तर बारा वाजता नाश्ता त्याने स्वतः करून घ्यायचा. महिन्याचे पैसे एकदम नको, दर सोमवारी ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात, गुरुवारी संपले तर रविवारपर्यंत चणे-फुटाणे. स्वतःचे कपडे, मशीनला लावायचे असले तरी पांढरं-रंगीत वेगळं करायला हवं हे त्याचा एक पांढरा शर्ट गुलाबी झाला की कळतं, सांगून कळत नाही. वरण-भात, अंडं, खिचडी एवढं आलं की पोट भरतं. सर्दी-तापाला डॉक्टरकडे एकट्याने जाऊन "मला काय होतंय" ते सांगता येणं, हे मी जेवणाच्या वर ठेवते. आणि सगळी सरकारी कामं आता त्याची. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर लागत असेल तर ते. अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर ऑनलाइन होतो तरी तहसीलदार कचेरीत एखादी चक्कर पडतेच. जाऊ दे त्याला. एका खिडकीवरून दुसरीवर पाठवतील, "साहेब जेवायला गेलेत" ऐकेल, वैतागेल, शेजारी मामलेदारची मिसळ खाईल आणि तोंड पोळून घरी येईल. एका दुपारीत जेवढं शिक्षण होतं तेवढं क्लासच्या महिन्याभरात होत नाही, मी गंमत करत नाहीये.

पहिले दोन महिने तो कॉलेजात गोंधळेल हे मात्र धरून चाला, पुणं असो की नेरूळ. क्लासमध्ये सगळं ताटात वाढून मिळायचं, नोट्स, शंभर प्रश्न, उत्तरं. इथे प्रोफेसर अर्धं शिकवतात आणि उरलेलं तुम्ही वाचा म्हणतात, डाउट असेल तर स्वतः केबिनपर्यंत जावं लागतं. आणि केबिनचं दार वाजवायला ९५ टक्केवाल्यांचेही पाय थरथरतात. इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांना मी सांगते, पहिल्या पंधरा दिवसांत एका तरी सरांकडे जा, प्रश्न फालतू असला तरी चालेल. अटेंडन्स ७५ टक्के लागते आणि ती आई फोन करून भरून देऊ शकत नाही. पहिल्या सेमला मॅथ्स नाहीतर ड्रॉइंगमध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर घरात सुतक पाळू नका. बीए-बीकॉम-बीएस्सीवाल्यांचं वेगळंच, मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय) असं सगळं मुलांनाच निवडायचंय, त्यामुळे 'तुम्ही ठरवा' म्हणणाऱ्या मुलांची तिथे दर सेमिस्टरला पंचाईत होते.

हॉस्टेलला गेलाच तर एक नंबर त्याच्या फोनमध्ये असू द्या, १८००-१८०-५५२२, रॅगिंगविरोधी हेल्पलाइन, चोवीस तास चालते. ॲडमिशनच्या वेळी रॅगिंगचं एक हमीपत्र तुमच्याकडून आणि त्याच्याकडून घेतात, लोक न वाचता सही करतात, त्याला वाचायला लावा. आणि फोन किती वेळा करायचा ते जाण्याआधी ठरवा. आमच्याकडे रविवारी रात्री ठरलं होतं, मी बुधवारीसुद्धा करायचे आणि तो उचलायचा नाही. क्रोसिनच्या रात्रीनंतर बुधवारी उचलायला लागला.

तर माझं मत विचाराल तर, त्याने स्वतः जाऊन बघितलं आणि पुणं पहिलं टाकलं तर पाठवा, ताट न उचलणारी मुलं हॉस्टेलला महिन्यात बादली विकत घेतात. त्याने बघून नवी मुंबई टाकली तर तेही उत्तम, आणि मग "एवढं चांगलं पुणं सोडलंस" हे दिवाळीला नणंदेसमोर काढायचं नाही. मिस्टरांना पण हे दाखवा. त्याची दहांची यादी झाली की तुमच्या ६४ शी ताडून बघा, एखादं चांगलं त्याच्या नजरेतून सुटलं असेल तर सुचवा, एकदा. फॉर्म कन्फर्म करायचं बटण त्याने दाबायचं.

ईमेलचा पासवर्ड आजच त्याच्या हातात द्या. रजिस्ट्रेशनला नंबर तुमचा दिलेला असेल तर ओटीपी येईल तेव्हा फोन त्याला द्या आणि तुम्ही पोळ्या करायला जा, मागे उभं राहू नका. फेऱ्यांच्या तारखा ऐनवेळी पुढेमागे होतात, सीईटी सेलची साइट रोज सकाळी बघायला लागते, ती त्याने बघायची. त्याच्या फोनवर अलार्म लावायला सांगा, आणि तुमच्या फोनवर जो लावून ठेवलाय, लावलेला असणारच, तो काढून टाका.